कोळसा आपल्या मातीत नाही, मग तो आपल्या किनाऱ्यावर किती वर्षं?

निवृत्त बॉयलरवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला. नोकरीची ३१ वर्षं विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात गेली. सुरुवात कोल हँडलिंगला, मग बॉयलर, शेवटची अकरा वर्षं कंट्रोल रूम. आता गावी आहे. पन्नासेक हापूसची कलमं आणि थोडी सुपारी सांभाळतो.

गेल्या आठवड्यात वाचनालयात दोघांची जुंपली. एकाचं म्हणणं, सोलर आलं, कोळशाचे दिवस भरले. दुसऱ्याचं म्हणणं, कोळसा बंद केला तर देश अंधारात जाईल. मग दोघंही माझ्याकडे वळले, "काका, तुम्ही सांगा, तुमचं आयुष्य त्यात गेलंय." उभ्या उभ्या मला काही सांगता आलं नाही. दोन रात्री विचार केला आणि हा धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी कोळशाची बाजू, कारण त्यानं मला जेवू घातलंय. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली, म्हणजे अडीच लाख मेगावॅट. तोवरचा तो उच्चांक. जून २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता ४८५ गिगावॅटच्या घरात होती आणि त्यातली निम्मी सौर, पवन, जल, अणू वगैरे. ही मोठीच गोष्ट आहे, मला तिचा आनंद आहे. पण क्षमता म्हणजे पातेलं आणि युनिट म्हणजे भात. पातेली निम्मी निम्मी असली तरी २०२४-२५ मध्ये जवळजवळ तीन-चतुर्थांश भात कोळशावरच शिजला. त्याच वर्षी देशातलं कोळशाचं उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या वर गेलं.

आणि हा कोळसा नुसती वीज देत नाही. रेल्वेच्या मालवाहतुकीचा जवळपास निम्मा भार कोळशाचा आहे. प्रवासी गाड्यांचा तोटा मालगाड्यांच्या कमाईतून भरून निघतो, म्हणून आपलं साधं तिकीट स्वस्त राहतं. कोळसा उद्या कमी झाला तर हा खड्डा कोण भरणार, याचा हिशेब कुणी मांडताना दिसत नाही.

आता माझ्या डोळ्यासमोरचा कोळसा सांगतो. पावसाळ्यातली रात्रपाळी. वॅगन टिपलरवर उलटी झाली की ओला कोळसा शेणासारखा थपकन पडायचा. तो बंकरमध्ये चिकटून बसला की खाली मिलला, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीला, कोळसा मिळत नाही, बॉयलरमधली ज्योत डगमगायला लागते, मग तेलाच्या गन लावून ती धरून ठेवायची. तेवढ्यात आम्ही चार-पाच जण घण घेऊन बंकरच्या बाहेरच्या पत्र्यावर ठोकत राहायचो, आतला कोळसा सुटावा म्हणून. तास-दीड तास. एकदा पहाटे चारला तो सुटला तेव्हा पत्र्यामागून दरड कोसळल्यासारखा आवाज आला आणि वरच्या मजल्यावरून ऑपरेटर ओरडला, "आला, आला!" २१० मेगावॅटचा संच वाचला. मुंबईत कुणाचा पंखासुद्धा थांबला नाही. त्या कामाचा अभिमान मला मरेपर्यंत राहील.

तरीही माझं मत असं झालंय की कोळसा हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. खाणीच्या तोंडाशी जळणारा देशी कोळसा वेगळा आणि आपल्या किनाऱ्यावर बोटीनं येणारा कोळसा वेगळा.

देशी कोळशात राख ३० ते ४५ टक्के. तो लांब नेणं म्हणजे भाड्यानं राख हिंडवणं. पण तो आपला आहे आणि रुपयात मिळतो. आपल्या कोकणात खाली सगळा जांभा आणि काळा दगड, कोळशाची एक ढेप नाही. किनाऱ्यावरची केंद्रं आली ती बंदर आणि समुद्राचं पाणी आहे म्हणून. जयगडचं १२०० मेगावॅटचं केंद्र २०१०-११ मध्ये सुरू झालं, ते आयात कोळशावर. चांगला कोळसा असेल तर एका युनिटला साधारण अर्धा किलो धरा. म्हणजे एवढं केंद्र पूर्ण भारावर चाललं तर दिवसाला १४ हजार टन. ७० हजार टनांची बोट पाच दिवसांत रिकामी.

ही बोट ज्या देशातून येते तो देश उद्या नाही म्हणाला तर? तसं झालेलं आहे. इंडोनेशियानं २०१० मध्ये किमतीचे नियम बदलले आणि आपल्याकडे स्वस्त वीज द्यायचा करार करून बसलेली केंद्रं गोत्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी काही आठवडे निर्यातच थांबवली. त्याच वर्षी युक्रेनचं युद्ध पेटलं आणि कोळसा टनाला ४०० डॉलरच्या वर गेला.

आम्हा गुहागरकरांना हे नवं नाही. अंजनवेलचं एन्रॉन आमच्या डोळ्यादेखत १९९९ ला सुरू झालं आणि २००१ ला बंद पडलं. इंधन परक्याचं, भाव डॉलरचा आणि घेणारं वीज मंडळ रुपयावालं. ते केंद्र नाफ्थ्याचं होतं, पुढे गॅसचं झालं. पण दुखणं तेच होतं.

तेव्हा माझं म्हणणं: देशाला कोळसा अजून वीसएक वर्षं तरी लागेल. तो खाणीजवळ, उत्तम संचांत, नीट धूर गाळून जाळावा. किनाऱ्यावर आयात कोळशाचं एकही नवं केंद्र नको. आणि जी आहेत त्यांच्या बंद होण्याची तारीख आजच लिहून जाहीर व्हावी, म्हणजे गावाला तयारी करता येईल.

तुमचं काय मत? विरोधात असाल तर जास्त आनंदानं वाचीन.

---

दाभोळखाडी

काका, उत्तम धागा. थोडं मागे जातो.

माझे पणजोबा आगवाले होते. बोटीच्या पोटात भट्टीत फावड्यानं कोळसा टाकायचं काम. रत्नागिरी जिल्ह्यातली आमच्या समाजाची किती घरं त्या कामावर उभी राहिली, त्याची मोजदाद नाही. आजी सांगायची की ते सुट्टीवर आले की पहिले आठ दिवस थुंकीसुद्धा काळी. चाळिशीच्या आतच छाती गेली. आपल्या खाड्यांतून मुंबईला जाणाऱ्या आगबोटीही कोळशावरच होत्या. म्हणजे कोकणातून माणूस गिरणीत गेला तो कोळशानं नेला आणि तिथे यंत्रही कोळशानंच फिरत होतं.

पण पुढचं बघा. मुंबईला कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा. म्हणून टाटांनी घाटमाथ्याचं पाणी खोपोलीला उतरवलं आणि १९१५ पासून ती वीज गिरण्यांना मिळू लागली. मग १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. हे सगळं रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांनी लांबचा कोळसा सोडून जवळचं पाणी धरलं, तेव्हा हवामान बदल हा शब्दही नव्हता. निव्वळ हिशेब होता. तुमचं किनाऱ्याबद्दलचं म्हणणं मला त्याच वळणाचं वाटतं.

---

गिर्येचो

काकानू, नमस्कार. आमच्या देवगडात गिर्येक ४००० मेगावॅटचो अतिविशाल कोळसा प्रकल्प येवचो होतो. आंबेवाले आणि मासेवाले एक झाले आणि तो इलो नाय.

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. तेव्हा आम्हाला विकासाचे विरोधक म्हटलं गेलं. आमचा विरोध विजेला नव्हता. चार हजार मेगावॅट म्हणजे काकांच्या हिशेबानं दिवसाला ४५-५० हजार टन कोळसा, त्याची राख, आणि समुद्रात परत सोडलेलं कोमट पाणी. देवगड हापूसच्या कातळावर हे बसवायचं होतं. एका बाजूला एकदाच मिळणारा जमिनीचा पैसा आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी मार्च ते मे येणारं पीक. माझ्या वडिलांचं वाक्य होतं, "जमीन जाता ती आमची, नि वीज जाता ती मुंबैक."

---

वर्धेकाठचा

मी चंद्रपूरचा, सध्या नोकरीनिमित्त चिपळूणला. सगळ्यांचं वाचलं आणि मन दुखावलं, स्पष्ट लिहितो.

काका म्हणतात खाणीजवळ जाळा. खाणीजवळ म्हणजे आमच्या घराजवळ. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, सरकारी महानिर्मिती कंपनीचं सर्वांत मोठं. शिवाय भोवती खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात चंद्रपूर अगदी वरच्या नंबरांत होतं. उन्हाळ्यात पारा ४७-४८ ला जातो. माझी आई सकाळी अंगण झाडते आणि दुपारी परत झाडते.

आणि वीज कुठे जाते? १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघा अशी ७५० किलोमीटरची थेट प्रवाहाची वाहिनी टाकली, १५०० मेगावॅटची. पडघा ठाणे जिल्ह्यात. गिर्येकरांच्या वडिलांचं वाक्य आम्हाला त्यांच्याहून जास्त लागू आहे. किनाऱ्यावर नको म्हटलं की ते आमच्याकडे वाढतं. कोकणचा आंबा नाजूक, मग विदर्भातलं लेकरू नाजूक नाही का?

---

निवृत्त बॉयलरवाला (धागाकर्ता)

@वर्धेकाठचा, तुझं बरोबर आहे आणि माझ्या लिहिण्यात ही चूक राहिली, ती कबूल करतो. मी तिकडे ३१ वर्षं राहिलो. माझ्या दोन्ही मुलांचं बालपण तिथल्या वसाहतीत गेलं. धाकट्याला हिवाळ्यात वाफ द्यावी लागायची. गावी आणला की खोकला थांबायचा. हे मला माहीत असून "नीट धूर गाळून" हे तीन शब्द लिहून मी पुढे सरकलो.

तर ते तीन शब्द उलगडतो. राख पकडायला ईएसपी असते, विजेच्या पट्ट्या, त्यांना राख चिकटते. पट्ट्यांची फील्ड बंद पडली की चिमणीचा रंग लांबूनही कळतो. संच चालू ठेवायचा दबाव असतो, दुरुस्ती पुढच्या शटडाऊनवर ढकलली जाते. हे मी स्वतः ढकललेलं आहे. गंधक पकडायची यंत्रणा, एफजीडी, ही डिसेंबर २०१५ च्या नियमांत सक्तीची झाली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. कारण सांगितलं गेलं की देशी कोळशात गंधक कमी असतो. तो कमी असतो हे खरं आहे, पण कमी गंधकाचा कोळसा लाखो टनांनी जाळला की एकूण धूर कमी राहत नाही.

कोकणातच एक उदाहरण आहे. डहाणू. तिथे ५०० मेगावॅटचं केंद्र नव्वदच्या दशकात आलं. १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि त्यांनी पिच्छा पुरवला, म्हणून तिथे समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी बसली. चिकूवाले आणि तिथले कार्यकर्ते वर्षानुवर्षं सुनावण्यांना हजर राहिले. यंत्र बाजारात मिळतं. ते बसवून घेणारा माणूस खुर्चीत असावा लागतो.

म्हणून माझं विधान दुरुस्त करतो. खाणीजवळ जाळायचा तर डहाणूला जी सक्ती झाली तीच सक्ती चंद्रपूरला. आणि तिथेही जुने संच तारखेनिशी बंद. एकाचा धूर दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचा माझा हेतू नव्हता.

---

वर्धेकाठचा

काका, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं.

---

अंबेच्या मुखाशी

मी पेण तालुक्यातला, पोलाद क्षेत्रात आहे. इथे सगळे विजेबद्दल बोलताहेत, म्हणून एक विसरलेली बाजू.

डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. त्याचा कोळसा मोठ्या बोटींतून जयगडला उतरतो, तिथून लहान बोटींनी धरमतर खाडीत येतो. हा कोळसा वीज करायला नसतो. तो कोकिंग कोळसा. त्याचा आधी कोक करतात आणि ब्लास्ट फर्नेसमध्ये लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला तो लागतो. टनभर पोलादाला पाऊण टनाच्या आसपास. आपल्याकडे असा कोळसा कमी आणि राखेनं भरलेला, म्हणून बहुतेक सगळा परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो.

सोलर लावून ही गरज भागत नाही. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत पोलाद होतं, पण देशात तेवढं भंगार निघत नाही, कारण आपल्या इमारती, पूल, रेल्वे अजून बांधायच्याच आहेत. हायड्रोजनवर प्रयोग चालू आहेत, ते महाग आहेत. तेव्हा काकांचं "किनाऱ्यावर आयात कोळसा नको" हे सरसकट धरलं तर पोलाद अडेल. विजेचा कोळसा आणि पोलादाचा कोळसा वेगळे मोजा, एवढीच विनंती. सौरऊर्जेचा सांगाडासुद्धा पोलादाचाच असतो.

---

कलमबाग

मी बाई माणूस, सासरची चारशे कलमं बघते. आमच्यापासून थोड्या अंतरावर कोळसा उतरतो. जागेचं नाव लिहीत नाही.

डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो. तेव्हा मी पहाटे बागेत जाते. एक पांढरं फडकं ओलं करून पानावरून फिरवते. समुद्राकडच्या रांगेतलं फडकं करडं होतं, डोंगराकडच्या रांगेतलं कमी. हे मी सहा वर्षं करते आहे, वहीत तारखा आहेत. पण यानं आंबा कमी झाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्याच वर्षांत अवकाळी पाऊस आला, थ्रिप्स (फुलकिडे) आले, थंडी उशिरा पडली. कुणी अधिकारी आला की हेच कारण पुढे करतो, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. हवा मोजल्याचे आकडे मागितले तर चार महिन्यांनी झेरॉक्स मिळाली, तीही अशी पुसट की आकडा ३ की ८ कळेना. परत मागितली तर म्हणाले, दिलीय ना. काका तारीख मागताहेत, मी त्याच्या आधीची गोष्ट मागते. रोजचे आकडे गावातल्या फळ्यावर मराठीत लागावेत. आमच्या देवळाबाहेर पावसाचा आकडा लावतात तसे. मग मी माझी वही त्याच्या शेजारी ठेवीन.

---

गिर्येचो

ताई, वही जपून ठेवा, आणि जमलं तर वाऱ्याची दिशाही लिहा. वारा मतलय (जमिनीकडून) असताना आणि खारा (समुद्राकडून) असताना फडक्यात फरक पडतो का बघा. पुढे कुणी शास्त्रज्ञ आला तर त्याला तेच लागेल.

---

ताळेबंद

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, माहेर मालगुंड. काकांच्या "तारीख लिहा" या मागणीला दोन मुद्दे जोडते.

एक. केंद्र वीज विकतं ते २५ वर्षांच्या कराराने. दराचे दोन भाग. एक स्थिर आकार, म्हणजे केंद्र बांधल्याचा, कर्जाचा खर्च. दुसरा इंधनाचा. केंद्र तयार उभं असेल तर वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो आणि तो तुमच्या-माझ्या बिलात येतो. म्हणून आज नवीन कोळसा केंद्राचा करार करणं म्हणजे २०५० पर्यंत हप्ता बांधून घेणं. २०१०-११ ला सुरू झालेल्या केंद्रांसारख्यांची पंचवीस वर्षं २०३५-३६ ला भरतात. काका म्हणतात ती तारीख त्यामुळे तशी हवेतली नाही, ती कागदावर जवळपास आहेच. ती गावाला कुणी सांगितलेली नाही.

दोन, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१५ च्या कायद्यानं खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान झालं. खाणवाल्यानं रॉयल्टीच्या जोडीला त्यात पैसा भरायचा आणि तो बाधित गावांवर खर्च व्हायचा. तो खर्च कसा होतो हा वेगळा विषय, पण निदान खातं तरी आहे. कोळसा जिथे उतरतो आणि जळतो त्या जिल्ह्याला त्या कोळशापोटी असं खातं नाही. कोळशावर २०१० पासून टनामागे ५० रुपये उपकर होता, तो वाढत २०१६ ला ४०० रुपये झाला. हेतू स्वच्छ ऊर्जेचा होता. २०१७ पासून तो जीएसटीच्या भरपाईकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर काढून जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. या सगळ्या प्रवासात किनाऱ्यावरच्या गावाचा उल्लेख कुठेच नाही. जयगडपासून डहाणूपर्यंत जिथे कोळसा जळतो तिथल्या गावांसाठी वेगळा निधी असावा, आणि तो केंद्र चालू असतानाच साठत जावा. केंद्र बंद झाल्यावर मागायला गेलात तर दारात कुणी नसेल.

---

दाभोळखाडी

ताई, हे आमदार-खासदारांना पाठवण्यासारखं आहे. "हप्ता बांधून घेणं" हे आमच्या वाडीत सगळ्यांना लगेच कळेल.

---

पागोळी

श्रीवर्धनची. निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमचं छप्पर गेलं, लाईट कित्येक दिवस नव्हती. म्हणून छपरावरच्या सोलरची सूर्यघर योजना आली तेव्हा सगळ्यात आधी मी फॉर्म भरला. तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान. बिल खरंच नगण्य झालं, त्याबद्दल समाधान आहे.

पण एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. गेल्या पावसाळ्यात झाड पडून लाईन तुटली. लख्ख ऊन, छपरावर पॅनेल, आणि घरात अंधार. बसवणाऱ्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "मावशी, लाईन बंद झाली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. बॅटरी वेगळी घ्यावी लागते." कारण पटलं, पण फ्रिजमधली मासळी गेली. काका, मग कोळशाची जागा नक्की कोण घेणार? रात्री आणि जून ते सप्टेंबर?

---

निवृत्त बॉयलरवाला (धागाकर्ता)

@पागोळी, याच प्रश्नासाठी मी रात्री जागतोय.

पावसाळ्याचं आधी. आपल्याला वाटतं पावसात सगळंच बंद. पण वाऱ्याची वीज देशात जून ते सप्टेंबरमध्येच सर्वांत जास्त होते आणि धरणंही तेव्हाच भरतात. म्हणजे ऊन झोपतं तेव्हा वारा आणि पाणी जागं असतं. राहिली रोजची संध्याकाळ. सात ते दहा. त्यासाठी दुपारची वीज साठवायला हवी.

आपल्या उशाशीच कोयना आहे. १९६० मेगावॅट, पाणी पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला जातं. तिची खुबी ही की बटण दाबल्यावर काही मिनिटांत ती पूर्ण भार उचलते. थंड पडलेला कोळशाचा संच चालू करायला आमचे आठ-दहा तास जायचे. पण कोयनेचं पश्चिमेला सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलंय, ते पुरवून वापरावं लागतं. दुसरी सोय म्हणजे तेच पाणी दुपारी सौर विजेनं परत वर चढवायचं आणि रात्री खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॅटचं असं केंद्र २००८ पासून आहे, त्याचा खालचा जलाशय शहापूरच्या बाजूला कोकणात. सह्याद्रीची ही उभी भिंत म्हणजे आपली खरी खाण आहे. अर्थात तिथेही जंगल आणि माणसं आहेत, त्यांना विचारूनच.

आणि तोवर कोळशानं आपली चाल बदलायची. आम्ही संच एकदा चढवला की महिनोन्‌महिने सपाट चालवायचो. आता दुपारी सोलर आलं की कोळशानं खाली बसायचं आणि संध्याकाळी उठायचं. पूर्वी क्षमतेच्या ५५ टक्क्यांखाली संच नेत नसत, २०२३ च्या नियमानं ४० पर्यंत न्यायचाय. ऐकायला सोपं वाटतं. पण ५४० अंशांच्या वाफेच्या नळ्या रोज तापवल्या-निववल्या की त्या थकतात, आणि एक नळी फुटली की संच तीन-चार दिवस घरी. हे सांभाळणारे कसबी हात लागतील. माझ्या मते कोळशाचं पुढचं काम हेच आहे: दिवसा मागे बसणं आणि संध्याकाळी हात देणं, आणि दरवर्षी तो हात थोडा थोडा आखडत नेणं.

@अंबेच्या मुखाशी, पोलादाचा कोळसा वेगळा मोजा हे मान्य. धाग्यात माझं म्हणणं विजेच्या कोळशापुरतं समजावं.

---

चिपळूणचा नवशिका

नमस्कार. मी १९ वर्षांचा. आयटीआय (फिटर) झालोय. किनाऱ्यावरच्या एका औष्णिक केंद्रात ठेकेदारामार्फत काम मिळतंय. पगार बरा आहे, घराजवळ आहे. वरचं सगळं वाचून घाबरलो. २०३५ ला मी २९ वर्षांचा असेन. काका, जाऊ की नको?

---

निवृत्त बॉयलरवाला (धागाकर्ता)

बाळा, घाबरू नकोस. जा.

पण असा जा. पहिली दोन वर्षं कोळशाच्या बाजूला टाकले तर मास्क न घालता एक दिवसही उभा राहू नकोस, कुणी हसलं तरी. तिथून बॉयलर किंवा टर्बाइनच्या मेंटेनन्समध्ये सरकायचा प्रयत्न कर. सेवा मोजून घे आणि सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटची परीक्षा दे. ते सर्टिफिकेट कोळशाला बांधलेलं नाही. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत, साखर कारखान्यांत, मोठ्या हॉस्पिटलांत, जिथे वाफ आहे तिथे ते चालतं. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, अलाइनमेंट हे हातात बसलं की पाण्याच्या केंद्रातही तुला कुणी परका म्हणणार नाही. रात्री थोडं इन्स्ट्रुमेंटेशन वाच. पीएफ कापला जातो की नाही ते दर महिन्याला स्वतः मोबाइलवर तपास आणि गेट पासची प्रत घरी ठेव, पुढे सेवा सिद्ध करायला लागते.

आणि पाच वर्षांनी तिथल्या साहेबाला सरळ विचार, हा संच किती सालापर्यंत चालणार आहे. तुझ्यासारख्या दोनशे जणांनी विचारलं तर त्यांना सांगावं लागेल.

परीक्षेची जुनी टिपणं माझ्याकडे आहेत, वाळवी लागलेली आहे पण अक्षर वाचता येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. पुढच्या गुरुवारी चिपळूणला डॉक्टरकडे येणार आहे, तेव्हा घेऊन येईन.